उद्यापासून तुले सुट्टी नाही

तायडे सर मुलांना पोहायला नेमकं केव्हा शिकवतात, हे मला सुरुवातीला बरेच दिवस कळलं नव्हतं. मला दिसायचे ते मुलांना घरी पाठवणारे तायडे सर.

वाशिमला आमच्या शाळेच्या मागे पोहण्याचा टँक आहे. सकाळी फाटक उघडलं की सर आतल्या बाजूला भिंतीला पाठ लावून उभे राहायचे. अंगात बिनइस्त्रीचा बुशशर्ट, पँट घोट्याच्या वर दुमडलेली, बूट हातात. गळ्यात शिट्टी कधीच नसायची. मुलं फाटकापासून पायऱ्यांपर्यंत चालत येत, आणि सर जमिनीकडे बघत त्यांची चाल ऐकत. एखाद्याच्या चपला फरफटत आल्या की मान वर न करताच सांगत, "बापू, घरी जा. झोप." झालं. त्यावर अपील नाही.

एकदा एका वकील पालकांनी तिथंच त्यांना अडवलं. पोराला अंधारात उठवून आम्ही आणायचं आणि तुम्ही पाण्याला हात न लावू देता परत पाठवायचं, हा काय प्रकार आहे, असं त्यांचं म्हणणं. सरांनी त्यांचं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "वकीलसाहेब, काल रात्री हा केव्हा झोपला?" वकिलांनी मुलाकडे पाहिलं. मुलानं टँककडे पाहिलं. मावसभावाच्या हळदीला नाचला होता म्हणे. "मंग आज तो पाण्यात जाऊन काय करन? थकायचीच प्रॅक्टिस करन न," सर म्हणाले. "थकनं तर त्याले येतेच."

माझी ओळख एका ओळीत उरकते. जिल्हा परिषदेत नोकरी, मुलगा टँकवर जाणारा, आणि सगळ्याच्या याद्या करायची सवय. त्या सवयीमुळे पालकांच्या बैठकीत मला संघाची व्यवस्थापक करून टाकलं. कोणाची कोणती शर्यत, कोणाला दुधाचं चालत नाही, कोण बसमध्ये उलटी करतं, हे सगळं माझ्याकडे लिहिलेलं असे. सर मला 'यादीताई' म्हणत. नाव मला आवडलं नव्हतं, पण चिकटलं.

सर मूळचे कामरगावचे. व्यायामशिक्षक म्हणून निवृत्त झाले आणि टँकवर आले. तरुणपणी स्वतः मोठ्या स्पर्धांपर्यंत पोचले होते, त्याबद्दल फार बोलत नसत. एकदाच, प्रवासात, गाडी पंक्चर झाली म्हणून रस्त्याकडेच्या दगडावर बसलो होतो तेव्हा म्हणाले, की त्या शर्यतीआधी त्यांनी जीव तोडून सराव केला होता. अगदी आदल्या संध्याकाळपर्यंत. "अन् शर्यतीत अर्ध्यावर गेलो तं हात माहे राह्यलेच नाई, यादीताई. दुसऱ्या कोनाचे लावल्यासारखे. लोक म्हने, मेहनत कमी पडली. मले माहीत होतं, जास्त झाली म्हनून." मग पंक्चर निघालं आणि ते उठून गाडीत बसले.

पोहण्याच्या मोठ्या स्पर्धेत सकाळी प्राथमिक फेरी होते आणि संध्याकाळी अंतिम. मधल्या दुपारी काय केलं, यावर संध्याकाळची शर्यत ठरते. हे सरांनी पालकांना किती वेळा सांगितलं असेल. पण आपली माणसं. परगावी गेलो आणि तिथल्या मोठ्या देवळात गेलो नाही, हे आपल्याला जमत नाही. एका स्पर्धेला दोन कुटुंबं मुलांना दुपारी दर्शनाला घेऊन गेली. मुलांना यश मिळावं म्हणूनच गेली. रांग मोठी, ऊन कडक, पायात चपला नाहीत. संध्याकाळी दोन्ही मुलं टँकच्या शेवटच्या लांबीत अशी खाली गेली की मला बघवेना. कपाळाला गंध लावलेल्या एक आई पाणावल्या डोळ्यांनी सरांना म्हणाल्या, "सर, देवाले तं एवढं सांगून आलो होतो." सर अगदी शांतपणे म्हणाले, "देवाले सांगितलं माय, पायाले नाही विचारलं."

पुढच्या स्पर्धेला सकाळची फेरी संपताच त्यांनी सगळ्या मुलांच्या बूट-चपला एका पोत्यात भरल्या आणि ते पोतं उशाला घेऊन वऱ्हांड्यात आडवे झाले. संध्याकाळी चार वाजता पोतं उघडलं. तोपर्यंत कोणीही कुठंही जाऊ शकलं नाही.

त्यांचं एक वाक्य मुलांना पाठ होतं. थकणं हा गुन्हा नाही, लपवणं गुन्हा आहे. पाण्यात उतरण्याआधी प्रत्येकानं त्यांच्यापाशी थांबायचं आणि खरं सांगायचं: झोप झाली का, खांदे जड आहेत का, घरी भांडण झालं का. भांडणसुद्धा ते धरत. खोटं बोललेलं त्यांना पोहण्यात दिसत असे. दमलेला पोहणारा हातांचे फटके वाढवतो आणि तेवढ्याच अंतराला जास्त फटके मारूनही उशिरा पोचतो, हे त्यांनीच मला दाखवलं. त्यानंतर मलाही ते दिसू लागलं.

कोमल घुगे ही आमच्या टँकवरची सगळ्यात पुढची मुलगी. मेडशीची. कॉलेजसाठी वाशिमला मामाकडे राहायची. मामाचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं. तिची शर्यत दोनशे मीटर बटरफ्लाय. दोन्ही हात एकाच वेळी पाण्याबाहेर काढून पुढं फेकायचे आणि कमरेपासून लाट घ्यायची, हा पोहण्यातला सगळ्यात माणूस मोडणारा प्रकार. आधी ती राष्ट्रीय स्पर्धेत जाऊन आली होती, अंतिम फेरी थोडक्यात हुकली होती. यंदा तिच्या वयोगटातलं शेवटचं वर्ष. राज्य संघाची निवड दिवाळीच्या आत होती, तिच्या शर्यतीतून दोघींना घेणार होते. त्या दोघींत आली तर पुढच्या शिबिराचं बोलावणं. नाही आली तर तिचं पोहणं आमच्या टँकपुरतं राहणार, हे तिला कळत होतं आणि आम्हालाही.

पावसाळाभर तिनं दणकून सराव केला. मग निवड जवळ आली तसं सरांनी ठरल्याप्रमाणे तिचं अंतर कमी करत आणलं. वेग तोच ठेवायचा, अंतर कमी करायचं आणि मधेमधे पूर्ण सुट्टी द्यायची. महिनोन्‌महिने साठलेला थकवा उतरला की आतला वेग वर येतो, हा त्यातला हिशेब. आधीच्या वर्षी तो बरोबर आला होता.

यंदा उलटंच झालं. कोमल हळू होत गेली.

सरांनी आणखी सुट्टी दिली. ती आणखी हळू झाली. शेवटच्या लांबीत तिची कंबर खाली जायची, हात पाण्याला घासत यायचे. सरांनी फाटकापाशी तिची चाल ऐकली, ती ठीक होती. विचारलं, झोप झाली का? झाली सर. काही त्रास? नाही सर. काल काय केलं? आराम सर. मुलगी खोटं बोलणारी नव्हती. तिच्या तोंडावरही तसं काही दिसत नव्हतं.

मग मी कामाला लागले. संभाव्य कारणांची यादी केली: रक्त कमी, पाळीचा त्रास, मोबाईल, परीक्षा, मैत्रिणीशी बिनसलं, मामीच्या हातचं जेवण. एकेक तपासत गेले. रक्त तपासलं, चांगलं होतं. मामीनं मलाच जेवू घातलं, तेही चांगलं होतं. यादी संपली आणि कोमल होती तिथंच होती. सर आता नुसते टँकच्या कडेनं बूट हातात घेऊन फेऱ्या मारत. एकदा मला म्हणाले, "माहाच हिशेब चुकला असन. म्हातारा झालो." ते असं म्हणाले तेव्हा मला पहिल्यांदा भीती वाटली.

त्यानंतरच्या सकाळी कोमल पोहून कडेला आली. सरांनी तिला वर यायला हात दिला. ती वर आली, पण सरांनी हात सोडला नाही. तिचा तळवा उलटा करून पाहिला, मग दुसरा. पाण्यात राहून पोहणाऱ्यांचे तळवे मऊ झालेले असतात. तिचे तळवे काट्यांनी फुलले होते, आणि बोटांच्या मुळाशी फोड येऊन फुटलेले.

"हे काय होय?"

"सोयाबीन, सर," कोमल म्हणाली. सकाळी चहा घेतला, असं सांगावं तशी. "सोंगनी चालू हाय न आमची."

"तू काहून गेल्ती?"

"सुट्टी होती न, सर."

सर तिथंच ओल्या फरशीवर बसले. हळूहळू सगळं निघालं. सरांनी सुट्टी दिली की ती मेडशीच्या बसमध्ये बसायची. ऐन सोंगणीत मजूर मिळत नाही. घरची धडधाकट मुलगी मोकळी आहे म्हटल्यावर बाबा म्हणायचे, चाल. दिवसभर वाकून विळा चालवायचा, संध्याकाळच्या बसनं परत. तिनं लपवलं नव्हतं. पोहली नाही म्हणजे आराम झाला, असंच ती धरून चालली होती, तिचे आई-बाबाही, आणि खरं सांगायचं तर मेडशीत कोणीही तसंच धरलं असतं. तिकडं सुट्टी म्हणजे घरी बसायचा दिवस नव्हेच. ती शेतावर जायची सवड. सर जितकी सुट्टी वाढवत होते, तितकं कोमलचं वावरातलं काम वाढत होतं.

सर हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. मी त्यांना इतकं हसताना पाहिलं नव्हतं. त्यात सुटकेचा भाग मोठा होता, हिशेब चुकला नव्हता. मग ते उठले, पँट झटकली आणि म्हणाले, "कोमल, उद्यापासून तुले सुट्टी नाही. दिवाळीपर्यंत एकई नाही. सकाळी या, दुपारी या. यादीताई, घुगेभाऊले कळवा, सराव वाढवला म्हना."

कोमलचा चेहरा पडला. मी फोन केला. कोमलचे बाबा घुगेभाऊ म्हणाले, ठीक हाय मॅडम, पोरीचं शेवटचं साल हाय, आमी पाहून घेऊ वावराचं. आवाजात अभिमान होता.

वाढवलेला सराव असा होता: सकाळी थोडं पण वेगात पोहायचं, मग मामीकडचं वरण-भात, आणि दुपारी टँकच्या पंपाशेजारच्या खोलीत झोपायचं. तिथं सरांनी व्यायामशाळेतली गादी टाकली, पंखा लावला, खिडकीला शाळेच्या स्नेहसंमेलनाचा पडदा अडकवला. कोमल झोपायची आणि सर दाराबाहेर खुर्ची टाकून बसायचे. पहिल्या दुपारी तिला झोप येईना. सरांनी बाहेरून दम भरला, "प्रॅक्टिस नीट कर." त्यानंतर आली.

त्यानंतर सरांनी कोणाला ते गुन्ह्याचं वाक्य ऐकवल्याचं मला आठवत नाही. सकाळच्या प्रश्नांत मात्र एक वाढला. काल काय केलं, एवढ्यावर भागत नसे. सकाळपासून सांग, म्हणत.

हे नीट चाललं होतं तोवर आभाळ भरून आलं. परतीचा पाऊस येणार अशी सगळीकडं बोलवा होती. मेडशीला घुगेभाऊंचं निम्मं सोयाबीन उभं होतं आणि निम्मं कापून पसरलेलं. त्या दुपारी मी टँकवर तिकिटांचं बघायला गेले होते. मोटारसायकल फाटकातून थेट आत आली. घुगेभाऊ उतरले, डोक्यात सोयाबीनचा भुसा, शर्ट पाठीला चिकटलेला. एका दिवसासाठी कोमलला न्यायला आले होते. सर दारातून उठले नाहीत. घुगेभाऊंनी त्यांच्या डोक्यावरून आत पाहिलं.

"झोपली?"

"हो."

"तुमी तं सराव वाढवला म्हने."

"हाच सराव हाय, भाऊ."

घुगेभाऊंचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. "सर, मी तुमाले कधी उलटून बोललो नाही. पन तिकडं माही बायको एकटी वावरात हाय, वरून आभाळ आलं, अन् तुमी माही पोट्टी इथी पंख्याखाली झोपवून राह्यले. हे कोन्त्या शाळेत शिकवते?"

मला वाटलं, आता सर थकवा, स्नायू, हिशेब असं काही समजावतील. त्यांनी खुर्ची सरकवून घुगेभाऊंना पायरीवर जागा केली आणि माठातलं पाणी दिलं. मग विचारलं, "तुमच्याकडं शंकरपटाचा एक गोरा होता न? पांढरा. मी पाह्यला हाय त्याले पळताना."

घुगेभाऊंनी पाणी संपवलं. शर्यतीच्या बैलाची आठवण निघाल्यावर गप्प बसणारा माणूस आमच्याकडे नाही. "होता न. त्याच्यासारखा मंग झाला नाही."

"त्याले वखराले जुपत होते का तुमी?"

"त्याले?" घुगेभाऊ दुखावल्यासारखे म्हणाले. "त्याले कोन जुपन? पट जवळ आला का मी त्याले गोठ्याच्या बाहेर पाय ठेवू देत नव्हतो. माह्या बापानं एकदा त्याले गाडीले लावलं, तं मी बापासंग चार दिवस बोल…"

ते थांबले. पंख्याचा आवाज येत होता. घुगेभाऊ पायरीवरून उठले, पुन्हा एकदा आत पाहिलं. कोमल पालथी झोपली होती, एक हात गादीबाहेर, तळवा उघडा. फोड भरत आले होते.

"पन सोयाबीनचं काय करू मी, सर?" आता ते खरोखर विचारत होते.

सर म्हणाले, "ते मले नाही सांगता येत, भाऊ. मले इतकंच मालूम हाय, हे उठली तं शर्यत गेली. तुमी म्हनत असान तं उठवतो."

घुगेभाऊंनी मुलीला उठवलं नाही. फाटकापर्यंत मोटारसायकल ढकलत नेली, चालू केली ती रस्त्यावर. आवाज नको म्हणून.

पुढचं मामानं केलं. त्यानं दुकानाला कुलूप लावलं, दोन ओळखीची माणसं मोटारसायकलवर बसवली आणि मेडशी गाठली. मानोऱ्याकडून मजुरांची एक टोळी जात होती, तिला मिनतवारी करून थांबवलं. दुसऱ्या दिवशी दिवे लागायच्या वेळी माझा फोन वाजला. घुगेभाऊ म्हणाले, "मॅडम, सरले सांगा, सोंगून झालं. ढीग झाकला. ताडपत्रीवर आता धो-धो पडू दे म्हना." आणि त्या रात्री पडलाच. मी खिडकीत उभं राहून ऐकला आणि झोपायला गेले. कितीतरी दिवसांनी मला यादी न करता झोप लागली.

निवडीच्या ठिकाणी सकाळच्या फेरीत कोमल अंतिम फेरीत जाणाऱ्या आठ जणींत शेवटून दुसरी लागली. गॅलरीत घुगेभाऊंनी माझा दंड धरला, त्याची खूण संध्याकाळपर्यंत होती. सर मात्र खूश होते. जेवढं लागत होतं तेवढंच तिनं खर्च केलं होतं. दुपारी ती झोपली. आम्ही कोणीच झोपलो नाही.

संध्याकाळी पहिल्या लांबीला ती मागे होती, दुसऱ्या लांबीलाही. तिसरीला मला वाटलं, संपलं. मग चौथी. बाकीच्या मुलींचे फटके आखूड आणि घाईचे होऊ लागले. शेजारच्या रांगेतल्या मुलीची कंबर खाली गेली. मला तो सगळा ऑक्टोबर डोळ्यांपुढं दिसला. कोमलचे हात मात्र अजून लांब येत होते. तिनं वेग वाढवला नव्हता, बाकीच्यांचा कमी झाला होता. एक मागे पडली, दुसरी पडली, आणि भिंतीला हात लागला तेव्हा तिच्यापुढं एकच मुलगी होती. कोमल दुसरी आली. दोघींना घेणार होते. घुगेभाऊ पायऱ्यांवर बसले आणि दोन्ही हातांनी डोकं धरून म्हणाले, "सुटलो बुवा."

जिल्ह्याची मंडळी शाल, नारळ, झेंडूचा हार घेऊन खाली धावली. पण कोमल तिथं नव्हती. सरांनी तिला शेजारच्या लहान टँकमध्ये नेलं होतं. शर्यत संपल्यावर एकदम थांबलं तर अंगात चढलेला थकवा तसाच धरून बसतो. संथ पोहून तो उतरवावा लागतो. दुसऱ्या दिवशी तिची आणखी एक शर्यत होती. मंडळी तिथं पोचली तर सर कडेला वाट अडवून उभे.

"दोन मिनिटं, सर. फोटो काढतो अन् जातो."

"उद्या काढा."

"आता तरी हार घालू द्या," घुगेभाऊ म्हणाले.

"भाऊ," सर म्हणाले, "ते अजून पोहून राह्यली."

घुगेभाऊंनी हार माझ्या हातात दिला आणि सरांच्या शेजारी, मंडळींकडे तोंड करून उभे राहिले. आता दोघं अडवत होते. मंडळी कुरकुरत मागे सरकली.

मला गाडी गाठायची होती, बाकीच्या मुलांना घेऊन. सर आमच्याबरोबर परतणार नव्हते. दुसऱ्या दिवशीची शर्यत झाली की ते तिथूनच नागपूरला मुलीकडे जाणार होते, गुडघ्यांच्या ऑपरेशनसाठी, आणि नंतर तिकडेच राहायचं ठरलं होतं. आता फोनवर बोलणं होतं. कोमल शिबिरातून त्यांना रोज रात्री सकाळपासूनचं सगळं सांगते, असं तेच सांगतात. पण त्यांना मी पाहिलं ते त्या संध्याकाळी शेवटचं.

दारातून मी मागे वळून पाहिलं. लहान टँकमध्ये दुसरं कोणी नव्हतं. कोमल उताणी होऊन सावकाश हात टाकत चालली होती, आणि सर कडेकडेनं तिच्या बरोबरीनं चालत होते, दुखऱ्या गुडघ्यांनी, तिच्यापेक्षा एक पाऊलही पुढं न जाता. ती टोकाला पोचली, पाण्यात उभी राहिली आणि विचारलं, "झालं का, सर?"

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं.

"एक अजून," म्हणाले, "आनखी हळू."